बांध पाणी प्याला

एका गावात एक बांध होता. नदी आणि गाव यांच्या मधोमध तो आडवा पडलेला, आणि तो होता म्हणूनच गाव होतं. बांधाला अगदी पाठ लावून खालची आळी होती. त्या आळीत एक कासारीण राहायची. दारोदार फिरून बांगड्या भरायची. हात हलका, पण जीभ तिखट. घरात ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. सासूचे पाय गेलेले, उचलून बसवावं तेव्हा ती बसे. दोघी दिवसभर भांडत आणि एका ताटात जेवत.

गावाची एक जुनी चाल होती. मृग लागायच्या आधी प्रत्येक घराने एक घागर पाणी बांधाच्या माथ्यावर ओतायचं. पाणी घरंगळून खाली गेलं तर बरं. एखाद्या जागी ते आतल्या आत गडप झालं, तर ओरडायचं, "प्याला रे प्याला!"

"आमच्या लहानपणी 'प्याला' ऐकलं की बाप्ये कुदळी घेऊन धावायचे," सासू सांगायची. "खेकड्यांची बिळं खणून काढायची, पाटलाच्या मळ्यातली चिकणमाती टोपल्या-टोपल्यांनी भरायची, अन् अख्ख्या गावानं ती पायानं तुडवायची. आमचे पाय आठ दिवस पिवळे असायचे."

"आणि आता हो, आत्याबाई?"

"आता लोक सुधारले, सूनबाई. आता ढोल वाजवतात."

खरंच सुधारले होते! कुठल्याशा पाटलाला चिखलाचा कंटाळा आला असणार. टोपलीभर मातीची द्रोणभर झाली, द्रोणभराची चिमूटभर झाली. घरोघरच्या घागरी जाऊन साऱ्या गावाची मिळून एकच मानाची घागर उरली. बांधाची 'बांधाई' झाली. तिला हिरवं लुगडं आलं, चुडा आला, जत्रा आली. बांध पाणी प्याला म्हणजे बांधाई प्रसन्न झाली, असं लोक म्हणू लागले. जिथे पाणी जिरेल तिथे नारळ फुटे, आणि वर्षभर त्या जागेला लोखंड लावायची बंदी होई. ज्या भोकातून गाव बुडायचं, नेमक्या त्याच भोकापुढे गाव नाक घासत होतं. अकला कुठे गहाण टाकल्या होत्या, कोण जाणे.

त्या वर्षी कासारणीच्या परसात आळू माजलं. कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, तरी पानं सुपाएवढाली. पहिल्यांदा तिला कौतुक वाटलं. मग भर उन्हाळ्यात त्या वाफ्यात तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला, आणि तिने मान वर करून पाहिलं. वाफ्याच्या मागे बांध होता, आणि वाफ्यापासून चार हातांवर सासूची खाट.

ती थेट चावडीवर गेली. "पाटील, माझ्या परसात न शिंपता आळू वाढतंय. हे पाणी येतंय कुठनं?"

पाटील मिशीत हसला. "कासारीणबाई, फुकटचं आळू मिळतंय तर फदफदं करा अन् खा की. बांधाईला कशाला नावं ठेवता?"

चावडी खो खो हसली. कासारीण पाय आपटत घरी आली. पण तिने मनाशी एक ठरवलं. बांधाईचा चुडा दरवर्षी तीच भरायची, त्या हक्काने यंदा मानाची घागर तिने मागून घेतली.

जत्रेच्या दिवशी तिने त्या घागरीत घरातलं सगळं कुंकू ओतलं. लोक म्हणाले, केवढी भक्ती! आपल्या परसाच्या नेमकी वर जाऊन तिने घागर पालथी केली. बांधाने ते लाल पाणी घटाघट पिऊन टाकलं. ढोल घुमले, गुलाल उधळला.

"ढोल बंद करा," कासारीण ओरडली, "आणि माझ्या परसात चला!"

सगळे गेले. थोड्या वेळाने आळवाच्या मुळाशी चिखल हलला आणि त्यातून लाल पाणी झिरपू लागलं.

सगळे वाकून पाहू लागले. तेवढ्या वेळात तिथल्या एकूण एक माणसाला सगळं कळलं होतं. आम्हाला कळलंच नाही, असं पुढे कुणी म्हणू नये. पाटलालाही कळलं. पण बांध खणून भरायचा म्हणजे चिकणमाती हवी, आणि ती होती त्याच्या मळ्यात, नुकत्याच लावलेल्या केळीखाली. पाटलाने केळीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"चमत्कार!" तो म्हणाला. "बांधाईनं कुंकू घेतलं अन् तीर्थ म्हणून परत दिलं!"

आणि लोक तांबे आणायला पळाले! खोटं बोलणारा एकच होता, पण ते ऐकून हायसं वाटलेले शंभर होते. तीर्थाला अशी झुंबड उडाली की आळू पार तुडवलं गेलं. खाटेवरून सासू हाका मारत होती, "सूनबाई, मलाबी गडूभर आण गं!"

कासारणीने कोपऱ्यातली कुदळ उचलली. बांधाला पहिला घाव घालणार, तोच बायकांनी तिला धरलं. ज्या हातांत तिने जपून, न दुखवता बांगड्या भरल्या होत्या, त्याच हातांनी तिची कुदळ हिसकावली. "आमचं वाटोळं करतीस का गं, अवदसे?" त्या म्हणाल्या. कुदळ चावडीत कुलपात गेली.

श्रावणात नदी फुगली. दुपारपर्यंत पाणी बांधाच्या छातीला लागलं. परसातून आता झरा वाहत होता आणि तो गढूळ होता, म्हणजे बांधाची माती धुऊन नेत होता.

"आत्याबाई, वरच्या आळीत जाऊ. मी पाठुंगळीला घेते."

"तुझ्यानं न्हाई व्हायचं ते. आणि भितीस कशाला? तीर्थ हाय की घरात." सासूने उशाशी ठेवलेला गडू दाखवला. मग हळूच म्हणाली, "गाडी आण जा. गाडी आणलीस तर येते."

कासारीण पावसात धावत पाटलाच्या दारी गेली. गोठ्यात बैल उभे होते, अंगणात गाडी उभी होती. पाटील ओसरीवर सुपारी कातरत होता.

"पाटील, गाडी द्या. म्हातारीला काढायचीय."

"एवढी पूजा झाली, तरी तुमचा विश्वास न्हाई? तुमच्यासाठी गाडी खाली धाडली तर सगळी आळी घाबरंल. घरी जा गुमान."

ती मागे वळली. वळणावर पोहोचायच्या आत खालून आवाज आला. बांध कुठे फुटला हे सांगायला नकोच. परस गेलं, घर गेलं, खाट गेली. अर्धी आळी गेली. आत शिरलेलं पाणी उरलेल्या बांधामुळे अडून राहिलं आणि चढत चढत पाटलाच्या ओसरीपर्यंत आलं. ओसरीवर पोहोचलं तेव्हा कुठे त्याने गाडी जुंपली.

पूर ओसरल्यावर गाव चावडीवर जमलं. पाटील घसा खाकरून म्हणाला, "बांधाई कोपली. सेवेत काहीतरी उणं पडलं. पुढच्या वर्षी चांदीचा मुखवटा करू."

दोन-चार माना हलल्याही! तेव्हा कासारीण उठली.

"उणी पडली ती माती, पाटील. बांध कोपत नसतो. बांध म्हणजे चिखल. कोपलेय ती मी! माझी म्हातारी तुझं तीर्थ उशाशी घेऊन बुडाली. तुझे बैल गोठ्यात उभे होते. आणि तुम्ही गं? परसातलं लाल पाणी दिसलं होतं ना तुम्हाला? दिसलं होतं का नव्हतं?"

 कुदळ हिसकावणाऱ्यांतली एक रडत म्हणाली, "दिसलं होतं."

"मग ऐका. बांध मजबूत आहे असं ज्याला म्हणायचंय, त्यानं खुशाल म्हणावं. पण त्यानं पावसाळाभर माझ्या परसाच्या जागी, बांधाला पाठ लावून राहायचं. बायकापोरांसकट."

पाटील हसायला गेला, पण सोबत कुणीच हसलं नाही. बायका उठल्या, त्यांनी चावडीचं कुलूप फोडून कासारणीची कुदळ काढली आणि आपापल्या कुदळी घेऊन सरळ पाटलाच्या केळीत शिरल्या.

पुढच्या मृगाआधी नवा बांध उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी झोपडी होती, आणि तिच्यात गावाने धाडलेलं पाटलाचं बिऱ्हाड. घरोघरच्या घागरी पुन्हा निघाल्या. पाटलाने आपली घागर ओतली, गुडघे टेकून वाकून पाहिलं. पाणी एका जागी गडप झालं.

सवयीने कुणीतरी ढोलावर टिपरू उचललं.

"प्याला रे प्याला!" पाटील जिवाच्या आकांताने ओरडला. "अरे, ढोल नको, कुदळ आणा!"

कासारणीने त्याच्या हातात कुदळ दिली आणि तो खणून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

तात्पर्य: भोकाला हात जोडून पूर थांबत नाही, भोक बुजवावं लागतं, आणि 'भिण्याचं कारण नाही' असं जो सांगेल, त्याचं घर बांधापासून किती लांब आहे ते आधी पाहावं.