भागवत कासाराची घरपट्टी

एका गावात एक भोळा कासार होता. त्याचं नाव भागवत. भोळा म्हणजे किती? 'जरा दाराकडे बघा' म्हटलं, की दिवे लागेपर्यंत दाराकडे बघत बसायचा.

एकदा त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले. सहज म्हणाले, "घर छान आहे हो."

"छान कसलं? तीन ठिकाणी गळतं," भागवत म्हणाला.

पाहुणे गेले तशी त्याची बायको यमुना कडाडली, "अहो, घरी कुणी आलं की घराचं कौतुक करावं!"

"बरं."

पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेचे तज्ज्ञ आले. घर भाड्यानं दिलं तर किती भाडं येईल, ते ठरवायचं आणि त्यावर घरपट्टी बसवायची, हे त्यांचं काम. यमुना बाजारात गेली होती. भागवतनं त्यांना हाताला धरून घर दाखवलं. "वारा बघा! विहिरीला बारा महिने पाणी! भाडेकरूंची रांग लागेल, रांग!" तज्ज्ञांनी लिहून घेतलं, महिना तीन हजार.

नोटीस आली आणि यमुनाच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी घरपट्टी भरायची, तर दुभती म्हैस विकावी लागणार. तिनं लगेच तक्रार अर्ज केला आणि नवऱ्याला बजावलं, "भाड्याचा विषय निघाला, की घराला नावं ठेवायची!"

"बरं."

तेवढ्यात एक मास्तर माडी भाड्यानं घ्यायला आले. चारशे रुपये द्यायलाही तयार होते. भागवत हळूच म्हणाला, "भिंत कधी बसेल नेम नाही. परवाच नाग निघाला." मास्तर चपला हातात घेऊन पळाले.

यमुनानं कपाळावर हात मारला. "अहो, कुणी आकडा बोललं, की आपण त्याच्या वरचा सांगायचा आणि अडून बसायचं! शेवटी समोरचाच नमतो."

"बरं."

सुनावणीचा दिवस उजाडला. घर भागवतच्या नावावर, म्हणून त्यालाच आत बोलावलं. यमुना बाहेर देवाचा धावा करत बसली. तिनं आणलेले निवृत्त ओव्हरसियर भिंतीची ओल दाखवून म्हणाले, भाडं आठशे. नगरपालिकेचे तज्ज्ञ म्हणाले, बाजार दोन पावलांवर आहे, तीन हजार. दोघांची तासभर जुंपली. शेवटी सुनावणी घेणारे साहेब वैतागले. "मालक, हजारावर मिटवू या?"

ओव्हरसियर खुशीत 'हो म्हणा' अशा खुणा करू लागले. भागवत ताडकन उठला.

"छे! परवडत नाही. चार हजार!"

"अहो, कर तुम्हालाच भरायचाय," साहेब म्हणाले.

"भरीन की! पण चारच्या खाली एक रुपया उतरणार नाही."

"आमची काही हरकत नाही," नगरपालिकेचे तज्ज्ञ घाईघाईनं म्हणाले. साहेबांनी शिक्का मारला.

भागवत धावतच बाहेर आला. "अगं, तुझं अगदी खरं! साहेब हजारावर अडून बसले होते, पण मीही हटलो नाही. चार हजारांवर नमवलं बघ त्यांना!"