तीनशे परोपकारी

विद्यापीठात प्राध्यापक हिर्लेकरांनी मुलांना कागद वाटले. प्रश्न एकच, लस कशासाठी घेतली? वर हजेरी क्रमांक लिहायचा होता, आणि अंतर्गत गुण देणारेही हेच हिर्लेकर! मग काय, तीनशे मुलांनी लिहिलं, ‘समाजाच्या भल्यासाठी.’ एका वर्गात एवढे संत निपजले, तरी या शहाण्याला शंका म्हणून येऊ नये?

एकट्या गिरिजा तोरसकरनं लिहिलं, ‘लशीशिवाय वसतिगृहात खोली मिळेना, म्हणून घेतली.’

हिर्लेकरांनी तिला भरवर्गात उभं केलं. “अख्ख्या वर्गात तूच एक आपमतलबी? उत्तर बदल, नाहीतर अंतर्गत गुण विसर.”

“बदलते सर. पण आधी तुमच्याच पद्धतीनं मला एक प्रश्न वर्गाला विचारू द्या. सरांचं शिकवणं कसं वाटतं?”

सर खुलले. क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या आल्या. सगळ्यांवर एकच शब्द, ‘उत्कृष्ट’. सरांनी दोन-चार मोठ्यानं वाचूनही दाखवल्या.

“आता हेच क्रमांकाशिवाय विचारते,” गिरिजा म्हणाली. मागच्या बाकांवर पेनांची टोपणं भराभर निघाली.

सरांनी घाईनं हात वर केला. “नको, नको! त्याची काही गरज नाही.”

“बघा सर, या ‘उत्कृष्ट’वर तुमचाच भरवसा नाही. मग लशीचे ते तीनशे कागद कुणी खरे मानायचे?”

हिर्लेकरांनी गिरिजाचे गुण निमूट लिहिले. तिचा कागद तसाच ठेवून घेतला आणि बाकीच्या तीनशे जणांना नवे कागद वाटले. या वेळी क्रमांकाची जागा कात्रीनं कापलेली होती.