आधी पेंग्विनांची वाट

पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला, जिथे भर उन्हाळ्यातही नाकाचा शेंडा गार पडतो, तिथे समुद्रकाठी एक लहानसं गाव होतं. गावामागे निळसर बर्फाची हिमनदी होती, खडकांवर सील लोळत पडलेले असायचे, आणि टेकडीवर पेंग्विनांची घरटी होती. हे सगळं पाहायला दूरदूरचे प्रवासी यायचे.

त्या गावाची एक रीत होती. हिमनदीकडे जाणारी पायवाट एका ठिकाणी पेंग्विनांची वाट ओलांडून जायची. पेंग्विन येताना दिसले की वाट दाखवणाऱ्याने हातातली काठी जमिनीवर आडवी टाकायची. शेवटचा पक्षी जाईपर्यंत कुणीही काठीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. गावाला या रितीचा भारी अभिमान, आणि वाटाडी बाईला तर सगळ्यांहून जास्त. तिची काठी आडवी पडली की भलेभले व्यापारी निमूट उभे राहायचे.

एकदा उत्तरेकडचा एक मोठा राजा हिमनदी पाहायला येणार अशी बातमी आली. गावात धांदल उडाली. गावाला बंदराचा धक्का नव्हता, त्यामुळे वादळात होड्या खडकांवर आपटून फुटायच्या. मागच्याच हिवाळ्यात वाटाडीच्या भावाची होडी तिच्या डोळ्यांदेखत फुटली होती. भाऊ कसाबसा वाचला. राजा खूश झाला तर धक्का बांधून देईल, या आशेवर सगळे होते.

मुखियाने वाटाडीला बाजूला घेतलं. "बाई, आजच्या दिवस काठी आडवी टाकू नकोस. राजाला कुणी थांबवतं का?"

"बघते," ती म्हणाली. पण भावाचा भिजलेला, काळानिळा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

राजा आला. अंगावर एकावर एक लोकरीचे झगे, मागे प्रधान, त्याच्यामागे हात जोडलेला मुखिया. हिमनदीवर धुकं उतरण्याआधी पोचायचं म्हणून राजा झपाझप चालत होता. अर्ध्या वाटेत आले आणि समुद्रातून पेंग्विन बाहेर पडू लागले. अंग झटकत, डुलत, एकामागून एक. राजाबिजा त्यांच्या गावीही नव्हता.

वाटाडी क्षणभर घुटमळली. मग तिने काठी आडवी टाकली.

"हे काय?" राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"महाराज, हे पिल्लांसाठी पोटात मासे घेऊन आलेत. रांग मोडली तर घाबरून परत पाण्यात जातील, आणि पिल्लं उपाशी राहतील. आमच्याकडे आधी त्यांची वाट, मग माणसांची."

"मी येतो तेव्हा सेनापतीसुद्धा बाजूला होतो."

"तो तुम्हाला ओळखतो, महाराज. हे नाही ओळखत."

मुखियाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने धावत येऊन काठी उचलली आणि म्हणाला, "चुकलं तिचं. चलावं महाराज, आपल्यासाठी सगळं चालतं."

आता धक्का गेला, हे वाटाडीला कळून चुकलं. तिचे डोळे भरून आले, पण ती वाटेतून हलली नाही.

राजा मात्र मुखियाकडे टक लावून पाहत राहिला. "माझ्यासाठी तू गावाची रीत मोडलीस," तो म्हणाला. "उद्या माझ्याहून मोठा कुणी आला, तर मला दिलेला शब्दही मोडशील. ठेव ती काठी होती तिथे."

मुखियाने मान खाली घालून काठी ठेवली. रांग संपता संपेना. शेवटचा लठ्ठ पेंग्विन तर मध्येच थांबून राजाच्या जोड्यांकडे बघत बसला. तो गेला तोवर धुकं उतरलं होतं, आणि हिमनदीची जेमतेम खालची निळी कड दिसली.

परतताना राजाने धक्क्याचा विषय स्वतःच काढला. "बांधून देतो," तो म्हणाला. "पण जागा ही बाई दाखवील. तिने सांगितल्याशिवाय एक दगड हलणार नाही." वाटाडीची छाती अभिमानाने भरून आली. तिने पक्ष्यांच्या किनाऱ्यापासून लांबची खाडी दाखवली, आणि पुढच्या हिवाळ्यात गावातली एकही होडी फुटली नाही.

राजा घरी पोचला तेव्हा दरबारात सगळ्यांनी विचारलं, "महाराज, हिमनदी कशी होती?"

"धुक्यात गेली," राजा मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "पण मला थांबवणारं एक माणूस मी पाहून आलो."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपली चांगली रीत जो थोरामोठ्यांपुढेही मोडत नाही, त्याच्यावरच थोरमोठेही विश्वास टाकतात.