पाठीवरच्या पिल्लाचा रहिवास

एक जंगल होतं. ते बरं चाललं होतं, म्हणून त्याची दोन केली. मध्ये एक ओढा होता, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याचा. त्याच्या अलीकडे सागवन झालं, पलीकडे बांबूचं कळकवन. एका सिंहासनाची दोन झाली, सात मंत्र्यांचे चाळीस झाले, आणि न्याय कमी पडू नये म्हणून कोर्टंही दोन झाली. प्रजेला काय मिळालं, असं एका सशाने विचारलं. त्याला दोन्ही राज्यांनी तडीपार केलं. तो कुठे गेला ते सांगता येत नाही, कारण तिसरं जंगल नव्हतं.

सागवनात कोंडाजी नावाचं अस्वल राहत होतं. मोहाची फुलं खाऊन झिंगला की तो बायकोला मारायचा. एके दिवशी बायकोने, झिपराबाईने, तीन महिन्यांचं पिल्लू पाठीवर घेतलं, ओढा ओलांडला आणि कळकवनात माहेर गाठलं. पिल्लाचं नाव मोहळ्या. तो अजून अंगावर पीत होता.

पहिला महिनाभर कोंडाजीला पोराची आठवण झाली नाही. मग त्याला निवडणुकीचं तिकीट हवंसं वाटलं. पक्षाच्या कोल्ह्याने सांगितलं, फलकावर कुटुंब दिसावं लागतं. हे ऐकताच कोंडाजीला पोरासाठी गहिवरून आलं, आणि तो सागवनच्या कोर्टात गेला.

तिथे रानगवा न्यायाधीश होता. त्याने विचारलं, "पोर कुठे आहे?"

"कळकवनात, साहेब."

"मग तिकडच्या कोर्टात जा. आमचा अधिकार नाही."

इकडे झिपराबाईला धास्ती पडली, की कोणी येऊन पोर ओढून नेईल. ती कळकवनच्या कोर्टात गेली. तिथे न्यायाधीश घोरपड होती. खुर्ची सोडायची नाही, एवढा एकच कायदा तिला तोंडपाठ होता.

"संसार कुठे केलास?" घोरपडीने विचारलं.

"सागवनात, बाईसाहेब. पण मारतो तो. पोर पिणारं हाय माझं."

"संसार तिकडे, मग निवाडाही तिकडेच."

अशा दोघांच्या चार-चार खेपा झाल्या. मग दोन्हीकडे निवडणूक जाहीर झाली, आणि जो मोहळ्या कालपर्यंत कोणाचाच नव्हता, तो एका सकाळीत सगळ्यांचा झाला.

सागवनचा वाघ सभेत गरजला, "बंधूंनो आणि भगिनींनो, सागवनचं पिल्लू सागवनच्या मातीत वाढेल! परक्या बांबूखाली आपलं एकही लेकरू झोपणार नाही!" कळकवनचा बिबट्या म्हणाला, "जो आमच्या पिल्लाकडे बघेल, त्याचे डोळे काढू!" हा बिबट्या गेल्या वर्षापर्यंत वाघाच्या मंत्रिमंडळात महिला व बालकल्याण सांभाळत होता. त्या खात्याने कोणाचं कल्याण केल्याचं ऐकिवात नाही.

आता दोन्ही कोर्टांना आपापला अधिकार आठवला. कायदा दोन्हीकडे एकच होता, फाळणीच्या वेळी नवा लिहायचा कंटाळा केल्यामुळे. पोर नेहमी जिथे राहतं, तिथल्या कोर्टाने निवाडा करावा, असं त्यात होतं. राहणं म्हणजे काय, तर पाऊल जमिनीला लागणं. म्हणून मोहळ्याच्या पावलांचे ठसे शोधायला दोन समित्या निघाल्या. त्यांनी दोन्ही जंगलं पालथी घातली, सरकारी खर्चाने भरपूर मध खाल्ला आणि एकमुखाने अहवाल दिला, की या पिल्लाचं पाऊल कुठेच उमटलेलं नाही.

झिपराबाईला दोन्ही कोर्टांच्या संयुक्त बैठकीपुढे उभं केलं.

"आमच्यात पोर पाठीवरच असतं, साहेब," ती म्हणाली. "माझी आई मला अशीच हिंडवायची. पिल्लू लहान असताना खाली ठेवलं तर लांडगा नेतो."

"रूढी कायद्यात बसत नाही," रानगवा म्हणाला. "याचा अर्थ हे पोर आजवर कुठेच राहिलेलं नाही."

"मग इतके दिस माझ्या पाठीवर कोण व्हतं?"

प्रश्न अप्रस्तुत ठरवून कामकाजातून काढून टाकण्यात आला.

तोडगा निघाला तो असा. ओढ्याच्या मधोमध एक खडक होता, कोणाच्याच हद्दीत नसलेला. मोहळ्याला आईपासून सोडवून त्या खडकावर ठेवायचं. तो ज्या काठाला स्वतःहून उतरेल, त्या राज्याचा रहिवासी. आईने हाक मारायची नाही, कारण तो गैरवाजवी दबाव झाला असता.

दोन्ही काठांवर ढोल आले, झेंडे आले. "मोहळ्या कोणाचा?" "आमचा!" अशा घोषणांनी पाणी हललं. कोंडाजी पिवळा फेटा बांधून चित्रकारापुढे उभा राहिला. खडकावर ते एवढंसं पोर भुकेने रडत होतं. सकाळची दुपार झाली. त्याचा आवाज बसला, मग त्याने मान टाकली, आणि कळकवनच्या काठावरून तिथला एक कोल्हा ओरडला, "मान आमच्या बाजूला टाकली!"

तेव्हा झिपराबाई पहारेकऱ्याला ढकलून पाण्यात उतरली, खडकावर जाऊन बसली आणि तिने पोराला छातीशी धरलं. हजारो जनावरं बघत असताना तिने त्याला दूध पाजलं.

मोहळ्यावर अधिकार कोणाचा, हे तीन महिन्यांत ठरलं नव्हतं. त्याच्या आईवर मात्र दोन्ही कोर्टांचा अधिकार पाव तासात सिद्ध झाला. अवमानाबद्दल सागवनने सहा महिने दिले, कळकवनने सहा. शिक्षा एकामागून एक भोगायची होती. दोन्ही काठांवर लांडग्यांचा पहारा बसला. झिपराबाई खडकावरून हलली नाही. दोन दिवस ती उपाशी होती, पण दूध आटू दिलं नाही तिने, कसं ते तिचं तिला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी मतदान होतं. सगळे लांडगे बंदोबस्ताला गेले. काठ रिकामे झाले, झेंडे तेवढे राहिले. झिपराबाईने मोहळ्याला पाठीवर घेतलं आणि पाण्यातूनच, कोणत्याही काठाला पाय न लावता, ती ओढ्याच्या उगमाकडे निघून गेली. पुढे कोणी तिला शोधलं नाही. निवडणूक झाल्यावर दोन्ही कोर्टांनी फाईल एकमेकांकडे पाठवली, आणि ती अजून ये-जा करते आहे.

वाघ निवडून आला. बिबट्याही निवडून आला. मतदार यादीत मोहळ्याचा रहिवास दोन्ही जंगलांत पक्का होता, आणि नोंदीनुसार त्याने दोन्हीकडे सकाळी लवकर जाऊन मतदान केलं होतं.