कोळशीने पाहिलेला रंग

डोंगर एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. सोन्याच्या खाणीतल्या एका टाकीत कोळशी नावाचा कोळशाचा बारका खडा होता. नारळाची करवंटी भट्टीत भाजून कोळशी जन्मली होती. अंगभर बारीक भोकं पडल्याची तिला फार खंत वाटे.

टाकीत कुटलेल्या दगडाचा गाळ संथ फिरत असे. त्यात विरघळलेलं सोनं कुणालाच न दिसता भटकत होतं. एके दिवशी ते कोळशीला बिलगलं.

"फिरून फिरून जीव दमला गं. थोडी जागा देतेस?"

"माझ्यात नुसती भोकंच आहेत," कोळशी ओशाळून म्हणाली.

"मग तर झालंच!" म्हणत सोनं भोकाभोकांत शिरलं आणि निजलं. आपण भरून गेलो आहोत, असं कोळशीला पहिल्यांदाच वाटलं.

काही दिवसांनी तिला गाळातून उपसून कढत पाण्यात टाकलं. पाणी म्हणालं, "पोरी, सोनं सोड आता."

"नाही सोडणार! मी पुन्हा रिकामी होईन."

आतून सोनं हळूच म्हणालं, "तुझ्या कुशीत सुख आहे गं. पण इथंही अंधारच आहे."

मग कोळशीने अंग सैल सोडलं.

सोनं पाण्याबरोबर वाहत गेलं आणि पलीकडे वीज खेळवलेल्या लोखंडी तारांवर थराथराने जमू लागलं. आसपासचा उजेड पिवळा झाला. रिकामी कोळशी टक लावून बघत राहिली. इतके दिवस पोटाशी धरलेल्या सोन्याचा रंग तिने आज पहिल्यांदा पाहिला.