गळ नसलेली दोरी

कुर्ल्यांना माणसांचं बोलणं कळायचं, त्या काळातली ही गोष्ट. खाडीकाठच्या एका घरी सुट्टीला पाहुणे उतरले होते. ओसरीवर बसून उद्या कुर्ल्या पकडायला जायचा बेत चालला होता.

"भिवाकाका, गळ किती घ्यायचे?" पाहुण्याने विचारलं.

"गळ कशाला?" घरधनी म्हणाला. "दोरीला माशाचं डोकं बांधायचं आणि हळूहळू वर ओढायचं. कुर्ली आपणहून धरून बसते. सोडलं तर सुटेल, पण सोडत नाही."

पायरीखालच्या म्हाताऱ्या कुर्लीने हे ऐकलं. तिने खाडीत जाऊन सगळ्यांना बजावलं, "डोकं वर जायला लागलं की नांगी उघडा. बस, एवढंच."

दुसऱ्या दिवशी भरतीला दोरी पाण्यात आली. तरण्या कुर्ल्यांनी चार घास तोडले आणि डोकं हलताच सोडून दिलं. म्हातारीने मात्र नांगी आणखी आवळली.

"आजी, सोड!" खालून नाती ओरडल्या.

"मला शिकवता? कधी सोडायचं ते मीच तुम्हाला सांगितलंय," म्हातारी म्हणाली आणि पाण्याबाहेर आली.

टोपलीत पडली तेव्हाही माशाचं डोकं तिच्या नांगीतच होतं.