निळ्या स्फटिकांची पोकळी

काळ्या पाषाणाच्या एका विख्यात खाणीवर एकदा एक वृद्ध स्फटिकशोधक आपल्या शिष्येला घेऊन आला. शिष्येचे नाव वैजयंती. तीन वर्षे ती गुरुजींबरोबर खाणी धुंडाळत होती, पण दुर्मिळ निळा स्फटिक काही तिच्या हाती लागला नव्हता.

त्या दिवशी दैव उघडले. सकाळी फुटलेल्या कड्यात तिला हातभर खोल पोकळी दिसली. आत शुभ्र स्फटिकांमधून निळे खडे कळ्यांसारखे वर आले होते. पण चार वाजता त्याच कड्याला पुन्हा सुरुंग लागणार होता. हाती जेमतेम दोन तास होते.

तिने छिन्नी उचलली, तोच गुरुजींनी तिचा हात धरला. "थांब. आधी खाणीतल्या सगळ्यांना बोलाव."

"गुरुजी, वेळ कुठे आहे?"

"बोलाव तर खरं."

दगड फोडणारी वीस-पंचवीस माणसे आली. गुरुजी विजेरी धरून उभे राहिले आणि एकेकाने वाकून आत पाहिले. यल्लप्पा नावाच्या म्हाताऱ्या पाथरवटाने तर दोनदा पाहिले. "चाळीस वर्षं दगड फोडतोय," तो पुटपुटला, "पण आत वाकून कधी बघितलंच नव्हतं."

यात तास गेला. उरलेल्या वेळात दोनच नमुने सुखरूप निघाले. चारला सुरुंग उडाला आणि बाकीचे सारे खडीत मिसळले. वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आले.

गुरुजी म्हणाले, "मुली, आपण इथे वर्षातून चारदा येणार. घण मात्र रोज यांच्या हाती असतो. खडकातले सौंदर्य वाचवायचे असेल, तर ते आधी घणवाल्याला दिसले पाहिजे."

तिला ते पटले, पण हळहळ काही गेली नाही.

पावसाळा सरल्यावर खाणीवरून निरोप आला. ती लगबगीने पोहोचली, तर एका कड्यापुढे काम थांबलेले. नव्या पोकळीच्या तोंडावर गोणपाट टांगून यल्लप्पा मुकादमाशी हुज्जत घालत होता.

"या बाई," तो म्हणाला, "कुणाला हात लावू दिला नाही. पण तुम्ही काढायच्या आधी आमच्या बायापोरांना एकदा बघू द्या."

वैजयंतीने छिन्नी पिशवीत ठेवली, शेजारच्या दगडावर निवांत बसली आणि म्हणाली, "बोलवा सगळ्यांना."